पाण्याची की दगडाची?

मरोळ, ६ जानेवारी २०२५

प्रबुद्ध,

जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू तोंड वाकडं केलं असशील. कर. मरोळहून मुलुंडला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकणारी अख्ख्या मुंबईत मी एकटीच असेन, हे मलाही कळतं. पण माझा नंबर तू ब्लॉक केलास. ऑफिसच्या फोनवरून केला, तर माझं 'हॅलो' ऐकून ठेवून दिलास. मेल केला, त्याचं काय झालं कुणास ठाऊक. ऑफिसातली अस्मिता म्हणाली, स्पॅममध्ये गेला असेल. सख्ख्या बहिणीचा मेल स्पॅममध्ये! म्हणून म्हटलं, आपला पोस्टमन बरा. आणि बारा वर्षं कंपनीत डिस्पॅच सांभाळतेय मी, पोचपावती लावल्याशिवाय चिठोरंसुद्धा पाठवत नाही.

कामाचं बोलते. मॅपवर भाऊंच्या गाळ्याचं जे पान आहे ना, त्याची मालकी तुझ्या लॉगिनवर आहे. ती मला दे. बोलू नकोस, भेटू नकोस, नुसतं बटण दाब.

कारण असं की फोन वाजत नाही. भाऊ, म्हणजे आपले वडील, तुला आठवत असतील तर, रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यात येऊन बसतात. समोर फोन, बाजूला डायरी, डायरीत पेन. त्या डायरीत तूच आखून दिलेले चार रकाने आहेत: तारीख, नाव, काम, कुठून कळलं. तो चौथा रकाना तू भाऊंकडून घोकून घेतला होतास. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं, म्हणजे आपल्याला समजतं की जोर कुठे लावायचा. सत्तर वर्षांचा माणूस ते अजून मन लावून विचारतो. अख्ख्या डिसेंबरात तीन फोन आले. त्यातला एक राँग नंबर. भाऊंनी त्यालाही विचारलं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" तो बिचारा घाबरून फोन ठेवून मोकळा झाला.

काल मला म्हणाले, "काहून वं जया, लोकांनी दळण खाणं सोडलं का?" मी म्हटलं, नाही हो भाऊ, जानेवारीत मंदी असते. तोंडाला येईल ते सांगितलं मी.

त्या पानावर अजूनही लाल अक्षरांत 'कायमचे बंद' लिहिलेलं आहे. तेरा महिने झाले. ते कोणी केलं, का केलं, ते उकरून काढायला मी हे पत्र लिहीत नाहीये. झालं ते झालं. मी 'दुरुस्ती सुचवा' वर जाऊन अकरा वेळा लिहिलं की अहो, दुकान उघडं आहे, मी आत बसून लिहितेय. अकराही वेळा नकार. मालकानेच सांगायला लागतं म्हणे. आणि मालक तू.

तेव्हा दाब बटण.

ताई


मरोळ, २८ जानेवारी

प्रबुद्ध,

पोचपावती आली. सही तुमच्या वॉचमनची. म्हणजे पत्र पोचलं आणि तू काही केलं नाहीस. झकास.

तुझ्यावाचून काही अडत नाही. मालाडला यज्ञेश म्हणून एक आहे, लोकांच्या साइट सर्चमध्ये वर आणून देतो. तुझ्याच धंद्यातला. शनिवारी त्याच्याकडे गेले. एसी इतका गार की मी ओढणी डोक्यावरून घेतली. त्याने विचारलं, "मॅडम, बिझनेस काय?" मी म्हटलं, "आम्ही टाकी लावतो." तो म्हणाला, "अच्छा. पाचशे लिटर की हजार?"

मी कपाळावर हात मारला. मग पहिल्यापासून सांगितलं. अहो, टाकी म्हणजे छिन्नी. गिरणीचा दगड, जातं, पाटा-वरवंटा, हे वापरून वापरून गुळगुळीत झाले की नुसते फिरतात, दळत नाहीत. मग टाकी आणि हातोडी घेऊन दगडावर पुन्हा बारीक खाचा पाडायच्या. त्याला टाकी लावणं म्हणतात. माझे वडील वाशिमहून आले आणि अठ्ठ्याहत्तर सालापासून हेच करतात, अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत एक गिरणी सोडलेली नाही. त्याने लॅपटॉपवर टाइप केलं: 'टाकी = स्टोन'. मला हुशार वाटला.

हा सगळा घोळ मुळात तुझा आहे. साइट केलीस तेव्हा वरती मोठ्या अक्षरांत काय लिहिलंस? 'टाकी लावून मिळेल. मरोळ, साकीनाका, अंधेरी, घाटकोपर.' सहा महिन्यांत पहिल्या पानावर पहिला नंबर! पेढे वाटले होते आपण. आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायट्यांचे फोन. आमची टाकी गळतेय, आमच्या टाकीत कबुतर पडलंय. भाऊंनी कधी चिडचिड केली? फोन उचलला की पहिला प्रश्न, "पाण्याची की दगडाची?" समोरचा पाण्याची म्हणाला की म्हणायचे, "ते आमच्याकडे नाही. पण तुमच्या टाकीला झाकण आहे ना? झाकून ठेवा बरं, डास होतात."

तेवढ्यावर राहिलं असतं तर आज मी मालाडला कुडकुडत बसले नसते. पण तुझ्या डोक्यात किडा. "ताई, दगडवाले महिन्याला वीस जण सर्च करतात, पाणीवाले वीस हजार. जिथे लोक शोधतात तिथे आपण दिसायला पाहिजे." झालं, मॅपच्या पानावरचा धंद्याचा प्रकार बदलून तू 'पाण्याची टाकी सफाई' केलास, आणि येणारे फोन घाटकोपरच्या कुठल्यातरी सफाईवाल्याला देत सुटलास. मी म्हटलं, भाऊ पाणीवाले नाहीत रे. तू काय म्हणालास आठवतंय? "भाऊंना धंदा करायचाय की संग्रहालय चालवायचंय?" भाऊ आतल्या खोलीत होते. ऐकलं त्यांनी. त्या रात्री जेवताना वरण मागून घेतलं नाही, आणि भाऊ वरण मागत नाहीत म्हणजे काय हे तुला माहीत आहे.

असो. यज्ञेशने 'तीन महिन्यांत पहिलं पान' सांगितलंय. तू बस तिकडे.

ताई


मरोळ, २१ फेब्रुवारी

प्रबुद्ध,

हसायचं असेल तर हस, मला काही फरक पडत नाही.

यज्ञेशने पहिल्या आठवड्यात मॅपवर आपलं नवीन पान उघडलं. चार दिवसांत ते उडालं. का? तर याच पत्त्यावर एक दुकान आधीपासून आहे आणि ते कायमचं बंद आहे. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने रेशनकार्ड मागायला गेल्यासारखं झालं.

मग म्हणाला, मॅडम, कंटेंट टाकू या. दहा लेख टाकले, मशीनकडून लिहून घेतलेले. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतले आणि डबा तसाच राहिला. लेख पहिला: 'दगडावर टाकी लावण्याचे दहा फायदे.' फायदा क्रमांक तीन: 'दगडी चौथऱ्यावर लावलेली टाकी उन्हात तापत नाही.' लेख चौथा: 'जात्यासाठी योग्य टाकी कशी निवडावी', आणि त्यात लिहिलंय की कुटुंबात माणसं किती ते बघून लिटर ठरवा. सातव्या लेखात तर टाकी लावल्यावर ताप आल्यास घाबरू नये, असं आहे. तिकडे त्याला टाके वाटले की लस वाटली, मला कळायचं बंद झालं. मी यज्ञेशला फोन केला, त्याच्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणतो, "मॅडम, माणसं वाचतच नाहीत. सर्च वाचतो."

आणि खरंच वाचतो रे तो! परवा मी सहज टाकलं, 'पाट्याला टाकी कशी लावतात.' आता आधीसारखी यादी येतच नाही, सगळ्यात वर मशीन स्वतःच उत्तर देतं, खाली उतरायची कुणाला गरजच नाही. तर उत्तर आलं: 'प्रथम पाटा समतल जागी ठेवा. त्यावर टाकी बसवून नळजोडणी करा.' आणि पुरावा म्हणून खाली कोणाची साइट दाखवली? आपली! भाऊंचं नाव! पंचेचाळीस वर्षं ज्याने दगड सोडून कशाला हात लावला नाही, त्याच्या नावावर जगाला सांगतायत की पाट्यावर टाकी ठेवून नळ जोडा.

पाट्यावरून आठवलं. घरातून जाताना आईचा पाटा-वरवंटा उचलून घेऊन गेलास. का, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. तुझ्याकडे दोन मिक्सर आहेत. आई गेल्यावर दर सहा महिन्यांनी भाऊ त्या पाट्याला टाकी लावायचे, कोणी वाटत नसलं तरी. आता तो पार गुळगुळीत झाला असेल. मुलुंडला काय करतोस त्याचं, मोबाइल ठेवतोस?

मागच्या पोचपावतीवर तुझी सही आहे. 'प्र'ची शेपटी तश्शीच ओढतोस अजून. म्हणजे आता स्वतः घेतोस पत्र. मग एक बटण का दाबवत नाही रे? मला माहीत आहे, भाऊ तुला म्हणाले होते, "परत त्या पानाला हात लावशील तर बघ." ते रागात म्हणाले. रागात बोललेलं एवढं पाळायचं असतं का? एरवी कधी ऐकलं होतंस त्यांचं?

ताई


मरोळ, १८ मार्च

प्रबुद्ध,

वाट लागली. सर्चचा नवीन अपडेट आला आणि आपली साइट सातव्या पानावर गेली. सातव्या पानावर कोण जातं? मी गेले. तिथे आपल्या वर एक कबुतरांच्या जाळ्या बसवणारा आहे.

यज्ञेशकडे गेले तर तोच डोकं धरून बसलेला. "मॅडम, अल्गोरिदम बदलला. सगळ्यांचंच हललंय." मी म्हटलं, आता काय हवंय त्याला? काल लांब लेख हवे होते, परवा गावांची नावं हवी होती, त्याआधी, आठवतंय ना प्रबुद्ध, तूच सांगायचास की दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या लिंक हव्यात. लग्नातल्या रुसलेल्या नवरदेवाला तरी एवढं विचारत नाहीत. यज्ञेश म्हणाला, "आता त्याला अनुभव हवाय. काम खरंच करणाऱ्या माणसाने स्वतः सांगितलेलं हवंय."

मी हसत सुटले. खुर्चीत बसून एकटी हसतेय, त्याच्या ऑफिसातली पोरं बघतायत. अरे, अनुभव हवाय? पंचेचाळीस वर्षांचा अनुभव इस्त्रीचा शर्ट घालून मरोळच्या गाळ्यात बसलाय, आणि त्याच्या नावावर आम्ही नळजोडणी छापतोय!

यज्ञेशला खरंच वाईट वाटलं असावं. ते दहा लेख त्याने माझ्यासमोर काढून टाकले. म्हणाला, वडिलांचा काम करतानाचा व्हिडिओ काढू या, मी स्वतः येतो, मला पण बघायचंय. आज सकाळी आला. मी मोठ्या हौसेने भाऊंना म्हटलं, भाऊ, पिशवी काढा.

पिशवीत काही नव्हतं, प्रबुद्ध. एक टाकी नाही, हातोडी नाही. भाऊ म्हणाले, "दिली. बाळाशेठच्या गिरणीत एक पोट्टा आहे, त्याले दिली." साकीनाक्याचे बाळाशेठ, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी म्हटलं, दिली म्हणजे? कधी? का?

तर म्हणाले, "मी पाह्यलं मॅपवर. मले येते आता पाहाले. अजून लालच आहे. तवा लय राग आला होता मले प्रबुद्धचा. आता वाटते, त्याले आधीच दिसलं असन. शिकलेला आहे तो."

एवढं बोलून त्यांनी यज्ञेशला चहा विचारला.

उद्या लिहिते. 

ताई


मरोळ, १९ मार्च

प्रबुद्ध,

'कायमचे बंद' मी केलं होतं.

हे एक वाक्य लिहायला मला पंधरा महिने लागले आणि चार पत्रं लागली, तेव्हा आता मध्ये थांबू नकोस, सगळं वाच.

त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन गाळ्यात होते. घाटकोपरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. तुझ्या त्या सफाईवाल्याने त्यांची टाकी अर्धवट धुतली होती आणि बिल्डिंगमधली पोरं आजारी पडली होती. फोनवर नंबर भाऊंचा. बाई वीस मिनिटं ओरडत होत्या. भाऊ उभे राहून ऐकत होते. खुर्ची मागे होती, तरी उभे. 'पाण्याची की दगडाची' विचारायलासुद्धा त्यांना जागा मिळाली नाही. शेवटी म्हणाले, "माफ करा ताई, चूक झाली." त्यांनी ती टाकी कधी बघितलेली नाही रे! घाटकोपरला ती बिल्डिंग कुठे आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. आणि हात जोडून, फोनवर कोणाला दिसतात का हात, पण जोडून माफी मागितली.

माझं डोकं फिरलं. मोबाइल काढला, ते पान उघडलं, 'दुरुस्ती सुचवा' दाबलं, 'हे ठिकाण कायमचे बंद आहे' दाबलं. ऑफिसात जाऊन अस्मिताकडून दाबून घेतलं, हिशेबातल्या रश्मीकडून दाबून घेतलं. मला वाटलं पाण्याचे फोन बंद होतील. मला काय माहीत की त्या मॅपला पाण्यातलं आणि दगडातलं कळत नाही, तो सगळंच बंद करतो! तिसऱ्या दिवशी लाल अक्षरं आली. आणि बाळाशेठचा फोन आला, "भाऊ, बंद केलंत? तीस वर्षांची ओळख, सांगायचं तरी."

त्या संध्याकाळी भाऊंनी तुला विचारलं. तू म्हणालास, मी नाही केलं. ते म्हणाले, त्या पानाला हात लावता येणारा या घरात तू सोडून कोण आहे? तू परत म्हणालास, मी नाही केलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी मटार सोलत होते. खाली मान घालून सोलत राहिले, आणि भाऊ म्हणाले, "ज्याने बापाचं दुकान कायमचं बंद लिहिलं, त्याने माझ्या दारात येऊ नाही."

दोन किलो मटार होते. तू पिशवी भरलीस, पाटा उचललास, दार लावलंस, तोपर्यंत मी सोलत होते.

तू चुकला नव्हतास असं मी म्हणणार नाही. तो सफाईवाला तुझा, तो धंद्याचा प्रकार तुझा, ते 'संग्रहालय' तुझं. पण हे माझं. पुढे सांगायला गेले की वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगितलं तर भाऊ माझ्याशीही बोलणार नाहीत, मग त्यांच्याजवळ कोण? हे खरं कारण नाही. खरं कारण, मला भीती वाटली. तुझी मोठी बहीण म्हणून शाळेत तुझ्यासाठी पोरांशी मारामाऱ्या करणारी मी, आणि मटारात तोंड खुपसून बसले.

मालकी देऊ नकोस. मला नकोच ती आता. भाऊंना सांगायचंय, ते मलाच सांगायला लागणार आहे.

जया


मरोळ, ३१ मार्च

प्रबुद्ध,

सांगितलं.

तेवीस तारखेला, रविवारी सकाळी, चहा झाल्यावर. पुढ्यात बसले आणि एका दमात सांगून टाकलं. भाऊ ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "तू मटार सोलत होतीस." म्हणजे त्यांनाही ते तसंच आठवतंय.

मग चार दिवस बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी डबा द्यायचे, ते घ्यायचे. नऊला इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यात जायचे, रिकामी पिशवी घेऊन. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर मोबाइल घेऊन बसलेले. ते पान उघडलेलं. मला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवून विचारलं, "हे 'दुरुस्ती सुचवा' आहे, हे मानसाने बोललेल्याला चालते का?"

मी म्हटलं, नाही चालत भाऊ. ते फक्त दुकानाच्या पत्त्याला, वेळेला.

"मग चालाले पाहिजे," म्हणाले. "तू त्याले पत्र लिहितेस ना? त्यात लिही. पोरगा खोटं बोलला नव्हता. बाप चुकीचं बोलला. दुरुस्ती."

जसंच्या तसं लिहिलंय. माझ्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील. मला वाटतं मला बरेच दिवस वरण त्यांच्या पुढ्यात ठेवून बसायला लागणार आहे.

जया


मरोळ, १० एप्रिल

प्रबुद्ध,

आज सकाळी तू फोन केलास तेव्हा मी गाळ्यातच होते. तुला फक्त आवाज ऐकू आला. इकडे काय चाललं होतं ते सांगते, कारण भाऊ तुला सांगणार नाहीत.

नऊ वाजता मोबाइल टिंग वाजला. मी बघितलं तर लाल अक्षरं गेलेली. 'उघडे आहे.' प्रकारात 'दगडकाम'. आणि मालकाच्या जागी माझं नाव नाही, तुझं नाही, भाऊंचं. मी मागितलं तर तीन महिने दिलं नाहीस, आणि त्यांना न मागता दिलंस, गाढवा. पण बरोबर केलंस. वरच्या ओळीत तू केलेला बदलही बघितला: 'टाकी लावून मिळेल. दगडाची.' पाच वर्षांपूर्वी हा एक शब्द टाकला असतास तर?

मी भाऊंना दाखवायला गेले, तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं, मग फोन उचलून स्पीकर लावला. तू म्हणालास, "टाकी लावून मिळेल का?"

भाऊंनी विचारलं, "पाण्याची की दगडाची?"

तू म्हणालास, "दगडाची. पाटा आहे एक, जुना."

त्यांनी ओळखलं नाही असं तुला वाटलं ना? आवाज बदलून बोलत होतास, नाक दाबून. पहिल्या 'टाकी'लाच ओळखलं त्यांनी. डावा हात उठला आणि मला गप्प राहा अशी खूण केली. मग तारीख लिहिली. विचारलं, "पूर्ण नाव सांगा." तू म्हणालास, "प्रबुद्ध सुखदेव इंगळे." भाऊंनी 'प्रबुद्ध' लिहिलं, आणि स्वतःचं नाव लिहायच्या आधी पेन झटकलं. पेनात शाई भरपूर होती. काम या रकान्यात त्यांनी 'पाटा' लिहिलं, मग त्यापुढे लहान अक्षरात 'रतनचा'. आईचं नाव भाऊंच्या हातून लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

तू फोन ठेवलास आणि ते उठलेच. म्हटलं, कुठे? "साकीनाक्याले. बाळाशेठच्या पोट्ट्याकडून माझ्या टाक्या आणाले. गिऱ्हाईक आहे ना रविवारी." ऊन किती होतं! रिक्षा करा म्हटलं तर ऐकतील तर शपथ. दुपारी परत आले, आणि तेव्हापासून टाक्यांना धार लावत बसलेत. संध्याकाळी माझ्याशी घरातलं, जेवणाखाणाचं पहिलं वाक्य बोलले. म्हणाले, "रविवारी वरणात गूळ टाक, त्याले आवडते."

तेव्हा रविवारी ये. पाटा चादरीत नीट गुंडाळून आण, वरवंटा विसरू नकोस. सोमवारी जयंती आहे, म्हणजे मुक्कामालाच ये. मटार मी आणणार नाही, मोसमही नाही. आणि माझा नंबर अनब्लॉक कर, पोस्टातल्या बाई आता मला नावाने हाक मारतात.

एक राहिलं. शेवटी भाऊंनी तुला विचारलं, "आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?" तू म्हणालास, "बहिणीच्या पत्रातून." ते म्हणाले, ऐकू आलं नाही, परत सांगा. तू परत सांगितलंस. ते पुन्हा म्हणाले, आवाज येत नाही, परत सांगा. तू तिसऱ्यांदा सांगितलंस, जरा मोठ्याने, आणि नाक दाबायचं विसरून.

तुला वाटलं असेल, भाऊंचे कान गेले. रकाना तर तू पहिल्या वेळी सांगितलंस तेव्हाच भरून झाला होता.

ताई